आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्री

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला माझा मोठ्यांचा इंग्रजीचा वर्ग असतो. अकरा जण आहेत, सगळे फ्रान्समधल्या तुलूझचे नाहीतर आसपासच्या गावांतले, आणि त्या दिवशी विषय होता न पटण्याचा. ‘मला हे मान्य नाही’ असं इंग्रजीत किती तऱ्हांनी म्हणता येतं, हे शिकवायचं होतं. बाहेर ओतां सुटला होता. हा इथला आग्नेयेचा वारा, सुटला की दोन-तीन दिवस थांबायचं नाव घेत नाही, आणि त्यानं माणसं वेडी होतात असं इथली जुनी मंडळी अगदी गंभीरपणे सांगतात. खिडकीची तावदानं थडथडत होती, हीटरमधून कढत लोखंडाचा वास येत होता. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागून आवाज आला, “आय अ‍ॅम नॉट अ‍ॅग्री.” वळूनही न बघता मी म्हटलं, “आय डोन्ट अ‍ॅग्री. नाहीतर, आय डिसॅग्री.” फ्रेंच माणसाची ही चूक इतकी नेहमीची आहे की ती सुधारायला डोकं लागत नाही. त्यांच्याकडे म्हणतात ‘ज न सुइ पा दाकॉर’, मी सहमतीत नाही. त्यातलं ‘असणं’ तसंच्या तसं उचलून ते इंग्रजीत आणून ठेवतात. पण या वेळी मागचे आजोबा गप्प बसले नाहीत. आधी इंग्रजीत आणि ते संपल्यावर फ्रेंचमध्ये म्हणाले, “मादाम, डिसॅग्री म्हणजे मी तुमच्याविरुद्ध काहीतरी करतो. मी काहीच करत नाहीये. मी फक्त कुठे उभा आहे ते सांगतोय.” आणि टेबलावर त्यांनी माझा मार्कर एका बाजूला ठेवला, हातभर अंतरावर स्वतःचा चष्मा ठेवला, आणि दोन्हींच्या मधल्या जागेवर बोट आपटलं.

मी हसून “पण व्याकरण…” असं काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या वाक्याकडे वळले. वर्ग संपला, मेट्रोत बसले, घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला, तरी तो मार्कर आणि तो चष्मा डोळ्यांसमोरून हलेनात.

या आजोबांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे असेल. त्यांची मुलगी लग्न करून ब्रिस्टलला गेली, नातवंडं तिथेच वाढली, आणि नातवंडांचं फ्रेंच ‘बॉन्जूर पापी’च्या, म्हणजे ‘नमस्कार आजोबा’च्या, पुढे जात नाही. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं होतं, इंग्रजी कशासाठी शिकायचंय. कुणी नोकरीसाठी म्हणालं, कुणी प्रवासासाठी. हे म्हणाले, “नातवाशी भांडता यायला पाहिजे. नुसतं आय लव्ह यू म्हणून नातं किती दिवस चालणार?” त्यांचे वडील कॉन्कॉर्ड विमानाच्या कामावर फिटर होते, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तेव्हापासून दर आठवड्याला सांगतात. तुलूझमध्ये कॉन्कॉर्डचा अभिमान नसलेला म्हातारा सापडणं कठीणच. 2 मार्च 1969 ला ते पहिल्यांदा उडालं ते इथूनच. फ्रान्सचं तुलूझ आणि इंग्लंडातलं ब्रिस्टलजवळचं फिल्टन, अशा दोन गावांनी मिळून ते बांधलं. म्हणजे वडिलांचं विमान आणि मुलीचं सासर, दोन्ही एकाच रेघेच्या दोन टोकांना.

ब्लान्याकच्या विमान संग्रहालयात कॉन्कॉर्ड ठेवलेलं आहे. आतून ते इतकं चिंचोळं आहे की आपल्या एशियाडच्या बसमध्ये शिरल्यासारखं वाटतं. पण मला त्या विमानापेक्षा त्याच्या नावाची गोष्ट जास्त आवडते. कॉन्कॉर्ड म्हणजे एकोपा, मनं जुळणं. आणि एकोप्याच्या या नावावरूनच दोन्ही देशांत जुंपली. फ्रेंच स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ई’ आहे, इंग्रजीत नाही. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपला अपमान केला असं वाटून ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांनी तो ‘ई’ काढायला लावला. पुढे डिसेंबर 1967 मध्ये तुलूझला विमान पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, तेव्हा टोनी बेन या ब्रिटिश मंत्र्यानं तो ‘ई’ परत बसवला, आणि घरी ओरड होऊ नये म्हणून सांगितलं की हा ‘ई’ एक्सलन्सचा, इंग्लंडचा, युरोपचा आणि आँतांतचा, म्हणजे सलोख्याचा. त्यावर एका स्कॉटिश माणसानं कळवलं की विमानाचा काही भाग आमच्याकडे होतो, त्याचं काय? बेन म्हणाले, मग ‘ई’ एकॉसचाही. स्कॉटलंडला फ्रेंचमध्ये एकॉस म्हणतात. एका अक्षरावरून इतका कीस पाडणारे लोक पुण्याबाहेरही आहेत, हे कळून मला त्या दिवशी घरच्यासारखं वाटलं होतं.

‘दाकॉर’ या शब्दातही तेच ‘कॉर’ आहे. लॅटिनमध्ये कोर म्हणजे हृदय. सहमतीत असणं म्हणजे हृदयाला हृदय लागून असणं, आणि नसणं म्हणजे जरा लांब असणं. आजोबांनी टेबलावर दाखवलं होतं ते काही चुकीचं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ज्या इंग्रजी ‘अ‍ॅग्री’पुढे हे लोक अडखळतात, तो शब्दही मुळात त्यांचाच. ‘ग्रे’ म्हणजे खुशी, मर्जी. त्यावरून ‘आग्रेए’, आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या मागोमाग इंग्लंडात गेलेल्या फ्रेंचबरोबर तो समुद्र ओलांडून गेला. अपोज, ऑब्जेक्ट, रिफ्यूज, डिनाय, डिस्प्यूट, डिबेट, कॉन्ट्ररी: इंग्रजीत भांडायचं म्हटलं तर निम्मं सामान फ्रान्समधून किंवा लॅटिनमधून आलेलं. मूळ फ्रेंच ‘आग्रेए’ मात्र आता बोलण्यात फारसा राहिलेला नाही. तो उरलाय मुख्यतः पत्राच्या शेवटी. इथे आले त्या वर्षी एका सरकारी कचेरीतून मला पत्र आलं होतं. दोन पानं. पहिल्या दीड पानात माझा अर्ज कुठल्या कुठल्या कलमाखाली नामंजूर झाला ते होतं, आणि शेवटी, ‘मादाम, माझ्या आदरपूर्वक नमस्काराचा स्वीकार करावा’. त्या स्वीकारासाठी वापरलेलं क्रियापद ‘आग्रेए’. शब्दकोश घेऊन बसले होते, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आज हसू येतं. तुमचं काही आम्ही मान्य करत नाही, आमचा नमस्कार तेवढा मान्य करा.

उसने दिलेले शब्द परत आले की ओळखू येत नाहीत, ही माझ्या वर्गाची खरी अडचण. फ्रेंचमध्ये ‘आर्ग्युमाँ’ म्हणजे मुद्दा, युक्तिवाद. इंग्रजीत ‘वी हॅड अ‍ॅन आर्ग्युमेंट’ म्हटलं की ताटल्या आपटल्याचा आवाज येतो. ‘दमाँदे’ म्हणजे साधं विचारणं. वर्गातल्या एका बाईंनी आपल्या इंग्रज गिऱ्हाइकाला ‘आय डिमांड अ‍ॅन एक्स्प्लनेशन’ असं लिहिलं आणि पुढचे तीन आठवडे तिकडून उत्तरच नाही. आणि ‘अ‍ॅक्च्युअली’! इंग्रज माणूस जेव्हा म्हणतो, “अ‍ॅक्च्युअली, मीटिंग सोमवारी आहे,” तेव्हा तो तुम्हाला मऊ हातानं सांगत असतो की तुम्ही चुकलात. फ्रेंच कानाला त्यात आपलं ‘आक्त्युएलमाँ’ ऐकू येतं, म्हणजे ‘सध्या’. सध्या मीटिंग सोमवारी आहे, उद्या कदाचित बदलेल. चूक दाखवलीय हे त्याच्या गावीही नसतं. मग ‘पार कॉन्त्र’, म्हणजे ‘याउलट’, ‘मात्र’. त्याचा शब्दशः अनुवाद करून एक मुलगा ‘बाय अगेन्स्ट’ म्हणाला होता, सगळा वर्ग टेबलं बडवून हसला. शहाणे असतात ते ‘ऑन द कॉन्ट्ररी’ म्हणतात, आणि तेही चुकतं: भावाला चहा आवडतो, ऑन द कॉन्ट्ररी मला कॉफी. जणू भावानं कॉफीवर आरोप केला होता. हा ‘पार कॉन्त्र’ त्यांच्या स्वतःच्या घरातही नीट बसलेला नाही. व्होल्तेरपासून शुद्धतावाद्यांनी तो दुकानदारी म्हणून हिणवला, आणि शाळेत मास्तर तो खोडून ‘आँ रव्हांश’ लिहायला लावतात. रव्हांश म्हणजे भरपाई, बदला. त्यावर आंद्रे जीद या लेखकानं बिनतोड उदाहरण दिलं होतं: माझा भाऊ आणि नवरा लढाईवरून सुखरूप आले, आणि ‘त्याच्या भरपाईत’ माझे दोन मुलगे गेले, असं एखाद्या बाईनं म्हणायचं का?

हे उदाहरण मी वर्गात सांगितलं, तेव्हा थोडा वेळ फक्त तावदानं वाजत होती.

खरं सांगायचं तर या लोकांना विरोध करायला शिकवणं म्हणजे कृष्णेकाठच्या पोरांना पोहायला शिकवणं. शब्द नसले तरी अंग पाण्यात हलतं. अठरा वर्षांचं पोर बाक्कालोरेआला, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेला, बसतं तेव्हा तत्त्वज्ञानाच्या चार तासांच्या पेपरात त्यानं आधी एक बाजू मांडायची, मग तीच खोडून काढायची, मग दोन्हींतून पुढे जायचं, ही रीत त्याच्या हाडीमाशी मुरलेली असते. आम्ही गाईडमधलं उत्तर ओळ न ओळ उतरवलं की गुण मिळायचे. वर्गात वादासाठी विषय द्यायचा तर मी नेहमी एकच देते, कारण तो कधी फुकट जात नाही: चॉकलेट घातलेल्या त्या चौकोनी पावाला ‘पँ ओ शॉकोला’ म्हणायचं की ‘शॉकोलातीन’? बहुतेक देश पहिलं म्हणतो, तुलूझ आणि नैऋत्येचे लोक दुसरं. 2018 साली इकडच्या काही खासदारांनी शॉकोलातीनला मान मिळावा म्हणून संसदेत दुरुस्तीसुद्धा मांडली होती, ती पडली. पॅरिसहून बदली होऊन आलेली एक मुलगी वर्गात आहे. ती एकदा पहिलं नाव घेऊन चुकली, आणि पुढची चाळीस मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही. मे नों! मे सी! नँपॉर्त क्वा! हे ‘सी’ मला फार हवंहवंसं वाटतं. कुणी नकारार्थी विचारलं, ‘तू आला नाहीस ना?’, तर ‘आलो की!’ म्हणायला त्यांच्याकडे वेगळा हुकमी शब्द आहे. आपण मराठीत ‘हो, नाही आलो’ म्हणतो आणि इंग्रजाला गोंधळात टाकतो. इंग्रजीतही पूर्वी होता असा शब्द. ‘येस’ हाच तो. साध्या होकाराला ‘ये’ होतं आणि नकाराला उलटवणाऱ्या होकाराला ‘येस’. पुढे ‘ये’ गेला आणि ‘येस’ दोन्हीकडचं काम एकट्यानं रेटत बसला.

बारा वर्षांपूर्वी इथल्या पहिल्याच जेवणावळीत मी घाबरले होते. नवऱ्याच्या सहकाऱ्याचं घर, आठ माणसं, बदकाचं काहीतरी शिजलेलं, आम्हा दोघांसाठी भोपळ्याचं सूप. निवृत्तीचं वय वाढवावं की नाही यावरून यजमान आणि त्यांचा शाळूसोबती असे काही पेटले की माझ्या हातातला काटा तसाच राहिला. आवाज चढले, बोटं रोखली गेली, ‘तुला काही कळत नाही’ तीनदा म्हणून झालं. मला वाटलं, संपलं, ही मैत्री आज इथेच तुटली. मग चीजची ताटली आली आणि ज्यानं ‘तुला काही कळत नाही’ म्हटलं होतं त्यानंच मित्राला सगळ्यात पिकलेला तुकडा कापून दिला. निघताना गालाला गाल लावून निरोप. रात्री मला झोप नाही. नवऱ्याला विचारलं, “ते भांडले ना?” तो म्हणाला, “नाही गं. बोलत होते.”

आमच्या वाईच्या घरी असं कुणी बोलत नसे. ओटीवर झोपाळा होता, पितळी कड्यांचा, आणि संध्याकाळी अण्णा त्यावर बसलेले असत. कर्र, कर्र, पायानं जमिनीला हलकेच रेटा. आपण काही मागायला जायचं. सहलीची वर्गणी, मैत्रिणीकडे राहायला जाणं, पुढे पुण्याला वसतिगृहात राहून एम.ए. ऐकता ऐकता त्यांचा पाय फरशीवर टेकायचा, कड्यांचा आवाज थांबायचा, आणि ते म्हणायचे, “बघू.” बस. ‘बघू’ म्हणजे नाही. आम्हा भावंडांना हे चौथीच्या आत कळलेलं होतं. झोपाळा चालू असताना ‘बघू’ आला तर एखाद वेळ आशा असे. झोपाळा थांबून आलेला ‘बघू’ म्हणजे कोर्टाचा शिक्का. त्यावर ‘पण’ म्हणणं म्हणजे उलट उत्तर, आणि उलट उत्तर देणाऱ्या मुलीला शिंगं फुटलेली असत. आजी तर माझ्या कपाळाला हात लावून बघायची, कुठवर आलीत म्हणून.

खूप नंतर कळलं की अण्णा एका मोठ्या परंपरेतले होते. इंग्लंडच्या संसदेनं मंजूर केलेला कायदा राजाला मान्य असेल तर आजही जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये पुकारतात, ‘ल र्वा ल व्हो’, राजाची इच्छा आहे. आणि नामंजूर असेल तर? ‘नाही’ हा शब्दच नाही. म्हणायचं, ‘ल र्वा साव्हीझरा’: राजा विचार करील. शेवटचं हे वाक्य ऐकू आलं 1708 मध्ये, अ‍ॅन राणीनं स्कॉटिश मिलिशियाचं विधेयक अडवलं तेव्हा. तीनशे वर्षं झाली, पुन्हा कुणाची टाप झाली नाही. पण शब्द बघा! इंग्रजांच्या राजाचा नकार, फ्रेंच भाषेत, आणि अर्थ शुद्ध मराठी. बघू.

आई ‘बघू’ म्हणत नसे, ‘ह्यांना विचारते’ म्हणे, म्हणजे नकाराचं ओझंही तिच्या वाट्याला नव्हतं. फक्त एकदा. माझी पुण्यातली कॉलेजातली नोकरी सोडून मी नवऱ्यामागे फ्रान्सला निघाले तेव्हा बॅगेत मेतकूट आणि भाजणीच्या पिशव्या ठेवता ठेवता ती म्हणाली, “मला काही हे पटलेलं नाही. नीट जा.” दोन वाक्यं, मध्ये श्वासही नाही. मी त्या वेळी फक्त दुसरं वाक्य ऐकलं. परवा कुकरच्या शिट्ट्या मोजताना पहिलं ऐकू आलं. ‘मला पटत नाही’ या वाक्यात ‘मी’ कुठे आहे? मी करत काहीच नाही, मी कुठे उभीही नाही. ते ‘पटणं’ कुठून तरी यायचं असतं माझ्यापर्यंत, आणि आलेलं नसतं. इंग्रज न पटणं करतो, फ्रेंच न पटण्यात असतो, आणि आपल्याकडे न पटणं होतं, थंडीतापासारखं. तोच शब्द आपण किती ठिकाणी लावतो: मेल्या माणसाची ओळख पटते, जावा-जावांचं पटत नाही, पोरं पोरगी पटली म्हणून पार्टी देतात. सगळीकडे दोन कडा जुळण्याची गोष्ट. आई म्हणाली तेव्हा तिनं मला अडवलं नव्हतं. कडा जुळत नाहीयेत एवढंच दाखवलं होतं. हातभर अंतर ठेवून.

आणि मी? मी पाच महिने दादाला ‘बघू’ म्हणत होते. वाईचं घर बिल्डरला द्यायचं त्याच्या मनात आहे. अण्णा गेले, आई आता त्याच्याकडे साताऱ्याला असते, घराला वाळवी लागलीय, ओटीच्या छपरातून पाणी येतं, हे सगळं खरं. तो फोनवर आकडे सांगायचा, मी म्हणायचे, “हो, तुझंही बरोबर आहे, बघू.” तो बिचारा चौथीच्या आत शिकलेलं विसरला असावा, किंवा मुली ‘बघू’ म्हणत नाहीत असं त्याला वाटत असावं, त्यानं तो होकार धरला आणि कागद तयार करायला घेतले. मी आठवड्यातून दोन दिवस बाकीच्यांना ‘आय सी युवर पॉइंट, बट’ शिकवते. त्या ‘बट’च्या पुढे माझी स्वतःची गाडी कधी गेली नव्हती. गेल्या रविवारी फोन लावला. इकडे दुपार, तिकडे दिवेलागण, मागून कुकरची शिट्टी आणि वहिनीचा टीव्ही. म्हटलं, “दादा, मला नाही पटत आहे घर द्यायचं.” तो गप्प. मग म्हणाला, “आधी का नाही बोललीस?” मी म्हटलं, “बोलत होते. बघू म्हणत होते.” पलीकडून बराच वेळ काही आलं नाही, आणि मग तो असा हसला की मला क्षणभर अण्णांचं खाकरणं ऐकू आलं. “अगं, तू पण?” म्हणाला. मग आईची गुडघेदुखी, वहिनीच्या भाच्याचं लग्न. ठेवताना मी विचारलं, “मग घराचं?” तो म्हणाला, “बघू.”

झोपाळा चालू होता की थांबलेला, हे फोनवर कळत नाही.

या मंगळवारी वारा पडला होता. वर्गात उजळणी घेतली, पुन्हा तोच पाव, पुन्हा तीच पॅरिसची मुलगी. या वेळी ती तयारीनं आली होती, आपलं म्हणणं ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’पासून सुरू करून सरळ इतिहासात शिरली. ती थांबल्यावर आजोबांनी हात वर केला. उठून उभे राहिले, खिशातून एक चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि शब्द एकेक ठेवत वाचलं, “आय सी युवर पॉइंट, मादमुआझेल, बट आय डू नॉट अ‍ॅग्री.” एकही चूक नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचे कान लाल झाले. मी वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली. का कोण जाणे, हात जरा अडला. वर्ग सुटल्यावर ते कोट चढवत माझ्या टेबलापाशी आले. येत्या सुट्टीत ब्रिस्टलला जातोय म्हणाले, नातवाला ब्रेक्झिटबद्दल दोन गोष्टी सुनवायच्या आहेत. मग माझा मार्कर उचलून त्यांनी हातभर लांब सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, “वाक्य तुमचं आहे, मादाम. मी अजूनही सहमतीत नाही.”